सतरा प्रश्नांचं परमिट

नांदूरघाटच्या शाळेत कारकून म्हणून लागलो तेव्हा खोली बघायला ज्यांच्या दारात गेलो, त्यांनी मला आधी उंबऱ्याबाहेरच थांबवलं. जवळ येऊन हात पुढं केला. मी हातात हात द्यायला गेलो, तर त्यांनी पंजा उलटा करून बोटांची मागची बाजू माझ्या मनगटाला लावली, दोन क्षण डोळे मिटले आणि म्हणाले, "नॉर्मल. या आत." पुढं साडेचार वर्षं मी त्या घरात भाड्यानं राहिलो. तेवढ्या काळात त्यांनी मला साधा नमस्कार एकदाही केला नाही.

ते परळीच्या थर्मलला, म्हणजे वीज केंद्रावर, तीस वर्षं ऑपरेटर होते. तिथं फेरी मारताना पंपाचं किंवा पंख्याचं बेअरिंग तापलंय का, हे हात लावून बघायचं असतं. तळव्यानं बघितलं तर तळवा भाजतो आणि पुढचं काम खुंटतं, म्हणून बोटांच्या पाठीनं बघायचं. निवृत्त होऊन ते गावी आले, थर्मल परळीत राहिलं, हात मात्र उलटाच राहिला. पाहुणा आला की हात, शेजाऱ्याची म्हैस दिसली की हात, दुकानातलं टरबूज, मोटारसायकलची टाकी, कुणाचं तान्हं लेकरू, सगळ्यांना हात. एकदा एका सोयऱ्याच्या मयतीला गेले होते. तिथं त्यांनी तिरडीवरच्या माणसाच्या कपाळालाही हात लावला, आणि आता हे काय म्हणतात म्हणून चार माणसं श्वास धरून थांबली, असं गावात सांगत. मी काही ते डोळ्यांनी बघितलं नाही. पण खोटं मानायला मला कारणही सापडलं नाही.

मी त्यांना काका म्हणायचो. ते मला भाऊसाहेब म्हणायचे. शाळेच्या कारकुनाला आमच्याकडं भाऊसाहेबच म्हणतात, तेवढाच एक भत्ता आम्हाला बिनकपातीचा मिळतो. गाव त्यांना परमिटवाले म्हणायचं. थर्मलमध्ये म्हणे कागदावर परमिट घेतल्याशिवाय कुणी एक नटसुद्धा ढिला करत नाही. कोण हात लावणार, कशाला लावणार, आधी काय काय बंद करणार, मग सही. काकांनी घरही याच पद्धतीनं चालवायला घेतलं. मी एकदा त्यांच्या पाण्याच्या मोटारीचं बटण न विचारता दाबलं, तर त्यांनी मोटार बंद केली, मला खाली बसवून कागद भरायला लावला आणि मग तेच बटण पुन्हा दाबायला सांगितलं. तोवर नळाचं पाणी गेलं होतं.

पण हे सगळं काहीच नाही. त्यांचा खरा जीव होता कुत्र्यात.

वाघी नावाची त्यांची एक गावठी कुत्री होती, तांबूस, उभ्या कानांची. गावात तिच्यासारखी पन्नास कुत्री असतील. ती उकिरड्यावर जन्मतात आणि कुणाच्या तरी टेम्पोखाली संपतात, मधल्या काळात त्यांना कुणी काही विचारत नाही. वाघीची मात्र फाईल होती. तिचा जन्म, तिचं वजन, जंताची गोळी कधी दिली, पिसाळण्याची लस कधी टोचली, पुढची कधी. लस आणायला ते स्वतः केजला जायचे आणि काकूंच्या माहेरून आलेल्या चहाच्या थर्मासात बर्फ भरून त्यात ती घेऊन यायचे, कारण लस उन्हानं तापली की ती लस राहत नाही, नुसतं पाणी राहतं. त्या थर्मासातला चहा मग काकूंनी जन्मात कुणाला दिला नाही. रोज संध्याकाळी वाघीच्या कानातले, बोटांच्या बेचक्यातले गोचीड चिमट्यानं काढायचे, रॉकेलच्या बाटलीत टाकायचे आणि आकडा वहीत लिहायचा. दारातल्या लिंबाच्या फांदीला एक स्प्रिंगचा काटा टांगलेला होता. पोत्याची झोळी करून दर महिन्याला वाघीला त्यावर तोलायचं. ती झोळीत शहाण्यासारखी बसायची. तिला बिचारीला वाटत असावं की सगळ्याच कुत्र्यांना महिन्यातून एकदा असं लटकावं लागतं.

याच घरात काकूंना रक्तदाब होता. त्यांच्या गोळ्या संपलेल्या आठ-आठ दिवस कुणाला कळायचं नाही. वाघीच्या गोळीचा दिवस मात्र कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केलेला असायचा. काकू फार बोलायच्या नाहीत, पण एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "या घरात आजारी पडायचं तर चार पायांवर पडावं." काका शेजारीच बसले होते. त्यांनी ऐकलं, उठले, काकूंच्या मानेला बोटं लावली, "नॉर्मल" म्हणाले आणि परत येऊन बसले. त्यांच्या मते विषय संपला होता.

असं का करता, असं मी त्यांना सुरुवातीला विचारलं होतं. ते म्हणाले, "जे बोलत न्हाई त्याला हात लावून बघावं लागतं, भाऊसाहेब. आन् जे बोलतंय त्याला तर जास्तच. बोलणारं खोटं बोलतंय, तापलेलं खोटं बोलत न्हाई." हे वाक्य मी शाळेच्या ऑफिसात त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे हसायचे. मला नकला बऱ्या जमतात.

वाघीला त्यांनी एकदाच पिल्लं होऊ दिली. नंतर तिला गाडी करून नेली आणि तिचं ऑपरेशन करून आणलं. गावाला हसायला महिनाभर पुरलं. आणीबाणीत नसबंदी चुकवायला रानात पळालेल्या बापाचा पोरगा कुत्रीच्या नसबंदीला गाडी करतो, असं म्हणून लोक टाळ्या द्यायचे. काका त्यांना शांतपणे विचारायचे, की उकिरड्यावरच्या पन्नासातल्या किती जणांना तुम्ही भाकरी घालता. मग टाळ्या थांबायच्या.

पिल्लं झाली पाच. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर, प्रत्येकाचं रोज सकाळी वजन. आमच्याकडं पिल्लू उचलायचं ते डोळे उघडले की लगेच. काकांनी सांगून टाकलं, दोन महिने पुरे होईतो कुणी दारात यायचं नाही. दात कुठं लावायचे आणि कुठं नाही हे पिल्लू आईजवळ, भावंडांत शिकतं. जे आईनं शिकवलं नाही ते मग माणसाच्या पोटरीवर शिकतं. आणि दोन महिन्यांनी यायचं ते पिल्लू निवडायला नाही. मालक निवडायचं काम ते स्वतः करणार होते.

त्यासाठी त्यांनी एक फॉर्म तयार केला. सतरा प्रश्नांचा. मीच तो शाळेच्या कॉम्प्युटरवर टाईप करून दिला आणि त्यांनी त्याच्या दोनशे झेरॉक्स काढल्या. पिल्लं पाच आहेत, असं मी सुचवून बघितलं. ते म्हणाले, नापास होणारे किती असतील ते तुम्हाला माहीत नाही. प्रश्न असे होते. दिवसा घरी कोण असतं. ऊसतोडीला जाणार का, गेल्यास सहा महिने कुत्र्याचं काय. याआधी पाळलेलं कुत्रं कसं मेलं, खरं लिहा. कुत्रं कुणाला चावल्यास जखम कशानं धुणार. आणि शेवटचा, सतरावा: नको झाल्यास कुठं सोडणार.

या सतराव्यात भलीभली पडली. कुणी बाजारतळ लिहिलं, कुणी धरणाकडं लिहिलं. एका प्रामाणिक माणसानं चक्क शेजारच्या गावाचं नाव लिहिलं, पोत्यात घालून रात्रीच सोडतो म्हणजे वाट सापडत नाही, असं समजावूनही सांगितलं. बरोबर उत्तर एकच होतं: इथंच परत आणून देईन. चावलेल्या जखमेला कुणी मिरची भरत होतं, कुणी चुना, कुणी तंबाखू. कुणी सात विहिरींत डोकावून येणार होतं. काका लाल पेनानं फुली मारायचे आणि समोरच्याला तीन वेळा म्हणायला लावायचे, साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनटं, मग दवाखाना, सगळी इंजेक्शनं. पिल्लू तर मिळायचं नाहीच, वर शिकवणी व्हायची.

पंचक्रोशीतले एक पुढारी त्या काळात आले. गाडीतून चारजण उतरले, मग ते उतरले. त्यांच्याकडं आधीच एक कुत्रं होतं, बर्फातल्या जातीचं, अंगावर वीतभर केस, निळे डोळे. त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागला होता आणि त्यावर शुभेच्छुकांचे फोटो कुत्र्यापेक्षा मोठे होते. आता बाहेर बांधायला म्हणून त्यांना वाघीचं एक पिल्लू हवं होतं. काकांनी विचारलं, पहिलं कुत्रं मे महिन्यात काय करतं. पुढारी म्हणाले, एसीत असतं. लाईट गेल्यावर, काकांनी विचारलं. आमच्याकडं मे महिन्यात लाईट किती असते हे पुढाऱ्यांनाही माहीत होतं. तेव्हा काका आत गेले, काकूंची जाड गोधडी घेऊन आले आणि म्हणाले, ही पांघरून दहा मिनटं अंगणात उन्हात बसा, मग फॉर्म देतो. चार माणसांत नाही म्हणणं बरं दिसेना. पुढाऱ्यांनी जरा विचार केला आणि गोधडी आपल्या कार्यकर्त्याला पांघरायला लावली.

तो बसला, दहा मिनटं. घामानं निथळत होता आणि साहेबांकडं बघून हसत होता. काकांनी घड्याळ बघितलं, त्याच्या मानेला बोटं लावली, फॉर्मवर नापास लिहिलं आणि त्या कार्यकर्त्याला मात्र सांगून ठेवलं, तुला पिल्लू पाहिजे असंल तर कवाबी ये. तो काही आला नाही. पुढाऱ्याच्या दारातून त्याला सवड नसावी.

आणि याच माणसानं एका ऊसतोडीच्या बाईला फॉर्मशिवाय पिल्लू दिलं. तिला त्यांनी तोंडीच विचारलं, सहा महिने कुत्रं कुठं. ती म्हणाली, लेकरं जिथं तिथंच, गाडीखाली. काकांनी लाल लोकरीचं पिल्लू तिच्या पदरात घातलं, लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिलं आणि कारखान्यावर पोचल्यावर दुसरी लस कधी टोचायची ते तिच्याकडून पाठ करून घेतलं.

आता माझं. माझे वडील, अण्णा, चकलांब्याला शेतात एकटे राहत. आई गेली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. नांदूरघाटहून चकलांबा म्हणजे दोन एसट्या बदलून अर्धा दिवस. आई असताना मी दर रविवारी जायचो. ती गेल्यावर जाणं जड वाटायला लागलं. अण्णा बोलत नाहीत, दोघं समोरासमोर बसून बाभळीकडं बघायचं, चहा प्यायचा आणि परतीची गाडी धरायची. फोनवरही त्यांचे दोनच शब्द, "बरं हाय." म्हणून मी ठरवलं की अण्णांना सोबत म्हणून एक कुत्रं द्यावं. तेव्हा मी सगळ्यांना हेच सांगत असे, स्वतःलाही. खरं म्हणजे मला माझा रविवार सोडवून घ्यायचा होता.

काकांनी मला ओळखीचा म्हणून कसलीही सवलत दिली नाही. फॉर्म अण्णांच्या नावाचा झाला आणि घर बघायला ते स्वतः माझ्याबरोबर चकलांब्याला आले, निळ्या लोकरीचं पिल्लू पिशवीत घेऊन. अण्णांची कुत्रं निवडायची रीत जुनी. त्यांनी पिल्लाचं तोंड उघडून टाळू काळा आहे का बघितला, मग नखं मोजायला घेतली. वीस नखांचं कुत्रं राखणीला चांगलं असतं, अठराचं भित्रं निघतं, अशी आमच्याकडची समजूत. हे निघालं अठराचं. अण्णांचा चेहरा उतरला. वीसवालं न्हाई का, त्यांनी विचारलं.

"तुमाला किती नखं हायत?" काकांनी विचारलं.

अण्णांनी खरोखरच हातापायांकडं बघितलं. "वीस."

"मग तुमीच करा राखण."

आई गेल्यापासून अण्णा हसलेले मी बघितले नव्हते, त्या दिवशी ते ठसका लागेपर्यंत हसले. मग ते पिल्लाला कानाला धरून उचलायला गेले, म्हणजे ओरडतं का ते कळतं, आणि काकांनी त्यांच्या हातावर चापट मारली. माझ्या वडलांच्या हातावर कुणी चापट मारलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. अण्णांनी ती मुकाट्यानं घेतली. काकांनी मग पिल्लाचे डोळे, हिरड्या, कान दाखवले, पोट टम्म फुगलेलं असेल तर जंत समजायचे, हे सांगितलं. जे पिल्लू अंगावर धावून येतं ते घेऊ नका, जे कोपऱ्यात दडतं तेही घेऊ नका, जे जवळ येऊन वास घेतं ते घ्या, असंही सांगितलं. अण्णा शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते आणि तरी चावलेल्या जखमेच्या, अकराव्या प्रश्नाला त्यांनी चुना लावीन म्हणून सांगितलं. नापास.

काका पिल्लू घेऊन परत आले. अण्णा तीनदा परीक्षेला बसले. मधल्या काळात मी फोन केला की ते बरं हायच्या पुढं जाऊन साबण, वाहतं पाणी, पंधरा मिनटं, असं म्हणून दाखवायचे. तिसऱ्या खेपेला पास झाले आणि काकांनी फॉर्मखाली सही केली, म्हणजे त्याचं परमिट झालं. पिल्लाचं नाव त्यांनी मुकादम ठेवलं, कारण ते स्वतः काही करत नव्हतं आणि दिसेल त्यावर भुंकत होतं.

पाहणीची अट परमिटातच होती. दर महिन्याला एकदा काका काटा, पोतं आणि वही घेऊन दोन एसट्या बदलत चकलांब्याला जायचे, मुकादमाला बाभळीला टांगून तोलायचे आणि परत यायचे. निघताना दर वेळी विचारायचे, येताय का. दर वेळी माझं काही ना काही निघायचं, शाळेची ऑनलाईन माहिती, पोषण आहाराचा तक्ता, नाहीतर डोकं दुखणं. परत आल्यावर ते दारातूनच रिपोर्ट द्यायचे. सात किलो, गोचीड दोन, नॉर्मल. मी ऑफिसात तेवढाच मसाला घेऊन जायचो. एका कुत्र्याच्या वजनासाठी हा माणूस अख्खा दिवस घालवतो, म्हणून सगळे पोट धरून हसायचे. माझ्या वडलांना भेटायला महिन्यातून एकदा कोण जातं, हे त्या हसणाऱ्यांपैकी कुणी विचारलं नाही. मीही नाही.

चौथ्या महिन्याला ते आले आणि म्हणाले, "कुत्र्याचं वजन वाढलंय, भाऊसाहेब. मालकाचं उतरलंय." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी तिथंच हसलो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते दोनदा करून दाखवलं. संध्याकाळी अण्णांना फोन केला. बरं हाय, ते म्हणाले. काकांच्या डोक्यात कुत्रं शिरलंय, असं मी मनाशी म्हटलं आणि जेवायला बसलो.

पाचव्या महिन्याला ते संध्याकाळी आले ते मुकादमाला पोत्यात गुंडाळून, कडेवर घेऊन. चांगलं चौदा किलोचं धूड. कंडक्टर तिकीट नको म्हणत होता तरी भांडून त्याचं तिकीट काढून आणलं होतं. त्यांनी त्याला वाघीशेजारी सोडलं, वही उघडली आणि मला दाखवली. त्यात लिहिलं होतं, परमिट रद्द.

माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. त्यांना एकच तर सोबत होती, तीबी तुमी उचलून आणली, का म्हून, असं मी ओरडत होतो. काकांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "चूल दोन दिवसांची गार हाय, मी हात लावून बघितली. व्हती ती भाकर कुत्र्याला घालत्यात. अंग तापलंय. पायाला चिंधी बांधलीय आन् चिंधीला वास हाय. इचारलं तर म्हणत्यात, बरं हाय. ज्याला सोताला जेवायचं सुधरंना, त्याच्यापाशी मी कुत्रं कसं ठिवू?"

"मग कुत्रं आणलं आन् अण्णांना तिथंच ठिवून आला?"

"लई इनवलं. येईनात. पोराला तरास नको म्हणले. माझा डबा खायला घातला, शेजारच्या वस्तीवर सांगून आलो." त्यांनी वही मिटली. "कुत्र्याचं परमिट माझ्या सहीचं, ते मी रद्द करू शकतो. तुमच्या वडलांचं परमिट माझ्याकडं न्हाई, भाऊसाहेब. ते युनिट तुमचं."

मी चपला घालत होतो. काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मागल्या महिन्यात यांनी माणसाचं सांगितलं तवा तुमी हसला. आज कुत्रं आणलं तवा निघाला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

अण्णांना साखर होती, केव्हापासून कोण जाणे. काटा टोचून पायाला जखम झाली होती, ती चिघळली होती. बीडला पंधरा दिवस काढावे लागले आणि डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर पाय गेला असता. त्या पंधरा दिवसांत काका दोनदा येऊन गेले. पलंगापाशी यायचे, अण्णांच्या कपाळाला बोटांची पाठ लावायचे आणि नर्सच्या थर्मामीटरशी वाद घालायचे. दुसऱ्या खेपेला अण्णांनी चादर बाजूला करून त्यांना पाय दाखवला आणि म्हणाले, "आता एकोणीसच ऱ्हायली. राखणीला चालंन का?" काकांनी नीट मोजली आणि म्हणाले की कुत्र्यापेक्षा एक जास्तच आहे.

डिस्चार्ज मिळाल्यावर मी अण्णांना घेऊन नांदूरघाटला आलो. रिक्षातून उतरवून, खांद्याचा आधार देऊन उंबऱ्यापर्यंत आणलं, तर काका आडवे आले. खोली एका माणसाची ठरली आहे, दुसरा ठेवायचा तर कागद लागेल, असं त्यांनी सांगितलं. मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी आयुष्यात थट्टा केलेली कुणाला माहीत नव्हती. अण्णांना त्यांनी अंगणातल्या बाजेवर बसवलं. मुकादम येऊन त्यांच्या पट्टी बांधलेल्या पायाचा वास घेऊन खाली बसला. काका आत जाऊन कागद घेऊन आले. त्या घरात फॉर्म एकच होता आणि दोनशेतले शंभरावर शिल्लक होते. त्यांनी जिथं जिथं पिल्लू होतं तिथं काट मारून वडील लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

दिवसा घरी कोण असतं. मी काकूंचं नाव लिहायला लागलो, तर ते म्हणाले, आधी त्यांना विचारा. मी विचारलं. काकू म्हणाल्या, "चालंल की. पण मीबी या घरात हाय, हे एकदा कागदावर येऊ द्या." काकांनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं आणि मला म्हणाले, पूर्ण नाव लिहा. जेवण किती वेळा आणि कोण देणार. औषधाच्या तारखा कुठं लिहिणार. वजन दर महिन्याला कोण करणार. टाईप मीच केलेले प्रश्न, पण तेव्हा मी ते वाचले नव्हते. अकरावा आला, चावल्यास जखम कशानं धुणार. हा तरी खोडा, मी म्हटलं. काका म्हणाले, म्हातारी माणसंही चावतात. बाजेवरून अण्णांचा आवाज आला, "साबण आन् वाहतं पाणी, पंधरा मिनटं." मला हसू आलं नाही.

सतराव्यावर माझं पेन थांबलं. नको झाल्यास कुठं सोडणार. काका म्हणाले, शेवटचा रिकामा ठेवायचा नाही. बाजेवर अण्णा मुकादमाच्या कानात काही तरी सांगत होते, माझ्याशी फोनवर दोन वर्षांत जेवढं बोलले नव्हते तेवढं. परत आणून देईन, हे बरोबर उत्तर मला पाठ होतं, आणि ते इथं चालणार नव्हतं. मी लिहिलं, सोडणार नाही.

काकांनी ते वाचलं. माझ्या मनगटाला बोटांची पाठ लावली, या वेळी दोन क्षणांपेक्षा जरा जास्त वेळ ठेवली, आणि माझ्या सहीखाली लाल पेनानं लिहिलं: तात्पुरतं परमिट. एक महिन्यानं पाहणी.